ऑस्करच्या ओळखी

कुत्र्याला ‘फिरवायला नेणं’ हा शब्दप्रयोग ज्यानं प्रथम केला त्यानं कुत्रं पाळलेलं नसणार, याबद्दल माझी खात्री आहे. मी स्वतः रोज पहाटे साडेपाचला कोथरूडातल्या आमच्या गल्लीतून वेताळ टेकडीवर आणि सातच्या सुमाराला तिथून परत घरी नेला जातो. नेणारा ऑस्कर. पट्ट्याचं एक टोक त्याच्या गळ्यात आणि दुसरं माझ्या मनगटात असतं. पण बावीस किलोचा प्राणी एकदा पुढे निघाला की मालकाचं टोक कोणतं, हा प्रश्न निव्वळ कागदोपत्री उरतो.

ऑस्कर जातिवंत देशी. मुलीनं एका पावसाळी रात्री जॅकेटच्या आत लपवून आणला तेव्हा तो भरताच्या वांग्याएवढा होता. “बाबा, फक्त दोन दिवस.” आमच्या घरात ‘फक्त दोन दिवस’ म्हणून आलेलं मेहुण्यांचं लोखंडी कपाट आज अठरा वर्षं उभं आहे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी बारसं झालं, चौथ्या दिवशी माझी डाव्या पायाची चप्पल गेली. पुढे २०१९ साली मुलगी शिकायला जर्मनीला गेली, शिकून तिथंच नोकरीला लागली, आणि ऑस्कर सातबाऱ्यावर चढावा तसा आमच्या नावावर चढला.

आमच्या हिला ‘ऑस्कर’ हे नाव पसंत नव्हतं. तिनं त्याचं ‘ओंकार’ केलं. “तेवढंच देवाचं नाव तोंडात येतं,” असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात ते “ओंकार, मेल्या, सोड ती उशी!” असं येतं, त्याचं पुण्य कितपत लागतं कोण जाणे. कुत्रा मात्र दोन्ही नावांना सारखाच दुर्लक्ष करतो.

खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची भीती वाटायची. म्हणजे अजूनही वाटते, पण ऑस्करची वाटत नाही, कारण तो माझ्याहून भित्रा आहे. आणि एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा वन्य प्राण्यांशी संबंध येऊन येऊन किती येणार? डास, ढेकूण, पाल आणि ब्रँच मॅनेजर. सोसायटीत साप निघाला की मात्र मला बोलावणं येई. कारण मी लांबूनच “धामण आहे, बिनविषारी” असं ठणकावून सांगत असे. हे मी ज्ञानाच्या बळावर सांगत नसे. धामण म्हटलं की जवळ जावं लागत नाही, एवढंच. माझ्या कारकिर्दीत आमच्या आवारात निघालेला प्रत्येक साप धामणच होता. त्यातली एक तर पुढे बागेतली पाण्याची नळी निघाली, पण तीही बिनविषारीच होती.

तर अशा माणसाच्या हातात पट्टा आला आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्या गल्लीत आपल्याला ठाऊक आहेत त्याच्या दसपट मंडळी राहतात. नोटीस बोर्डावर त्यांची नावं नसतात, मेंटेनन्स ते देत नाहीत, पण राहतात. ऑस्करची सगळ्यांशी ओळख. गटाराच्या कडेनं भिंतीला अंग घासत धावणारी चिचुंद्री ही त्याची रोजची पहिली भेट. मग उंबरावरून घरी निघालेली वटवाघळं. मग कंपाउंडमागचा राडारोड्याचा ढीग. इथं तो दर पहाटे थांबायचा, मान तिरकी करून काहीतरी ऐकायचा आणि मी “चल रे, काही नाहीये तिथं” म्हणून त्याला ओढायचा. ह्या ढिगाबद्दल पुढे सांगेन.

गल्लीच्या टोकाला मुंगूस भेटतं. लहानपणी आम्ही मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावत असू. हिचा मुंगसावर आणि भारद्वाजावर फार विश्वास. दोन्ही दिसले की दिवस चांगला. त्यामुळे मी परतलो की चहाच्या आधी “आज काय दिसलं?” हा प्रश्न. पण अडचण अशी की भारद्वाज ऑस्करला आधी दिसतो, ऑस्कर भुंकतो, भारद्वाज झुडपात घुसतो आणि माझ्या वाट्याला त्याची नुसती शेपटी येते. नुसत्या शेपटीला दर्शन म्हणायचं का, यावर आमचे मतभेद आहेत. सध्या शेपटीला निम्मा दिवस चांगला धरायचा, असं ठरलं आहे.

कावळ्यांशी मात्र जमलं नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची घरटी असतात आणि त्या झाडाखालून कुत्र्यासकट जाणारा माणूस त्यांना खपत नाही. पाठीमागून येऊन असा फटका देतात! बरं, डोक्यावर केस असते तर गोष्ट निराळी. मी छत्री घेऊन जायला लागलो, तर लोक रणरणत्या एप्रिलात पहाटे साडेपाचला छत्री उघडून चाललेल्या माणसाकडे ज्या नजरेनं बघतात त्या नजरेनं बघायला लागले. शेवटी मी तो रस्ताच सोडला. भ्यालो म्हणून नव्हे. ज्यांनी पुढे माझ्या पिंडाला शिवायचं त्यांच्याशी आत्ताच संबंध बिघडवणं मला परवडणारं नाही.

टेकडीवर चढलं की जग बदलतं. वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची झाडं, मधूनमधून उघडं माळरान, जुन्या दगडखाणीतलं हिरवं पाणी, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर सिंहगड. तिथं मोर आहेत. मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्षी केला, पण ही बातमी ऑस्करपर्यंत पोचलेली नाही. मोर ओरडतो तेव्हा ते ओरडणं पुष्कळसं मांजरासारखं वाटतं. हे मांजर फार मोठं असावं आणि झुडपामागे लपलेलं असावं, असा अंदाज बांधून ऑस्कर एकदा मला घेऊन झुडपात शिरला. पलीकडे मोर पिसारा उघडून लांडोरीपुढे थरथरत उभा होता. लांडोर किडे टिपत होती. तिचं लक्षही नव्हतं. मोरानं आमच्याकडे बघितलं. लग्नाच्या बोलणीत भलत्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन शिरावं तसं मला झालं. ऑस्कर मुकाट्यानं माझ्या पायांमागे आला, आणि आम्ही दोघं, काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं, उलट पावली बाहेर पडलो.

पण माझी खरी शिकवणी घेतली ती टिटवीनं. टिटवीबद्दल आपल्याकडे फारसं चांगलं बोलत नाहीत. ती रात्री ओरडली की कुणीतरी जातं म्हणतात. (आमच्या गल्लीत ती रोज ओरडते; त्या हिशोबानं आतापर्यंत गल्ली रिकामी व्हायला हवी होती.) आकाश पडेल म्हणून ती पाय वर करून झोपते असंही म्हणतात, आणि तिनं म्हणे समुद्र आटवला. एवढ्याशा पक्ष्याबद्दल हे सगळं मला अतिशयोक्तीचं वाटायचं. एका एप्रिलात माळरानावर ती आमच्या वाटेत आली आणि पहिल्या मिनिटात मी समुद्राची गोष्ट खरी मानली.

काय तो आवाज! आमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी काउंटर पाच मिनिटं उशिरा उघडला की जो ओरडा व्हायचा, तो हुबेहूब. ती डोक्यावरून सूर मारून गेली, परत आली, आणि मग एकाएकी जमिनीवर उतरून पंख फरफटवत लंगडत चालू लागली. मला वाईट वाटलं. ऑस्करला आनंद झाला. तो तिच्यामागे, ती दोन हात पुढे, मी पट्ट्याच्या टोकाला. तीस-चाळीस पावलं अशी वरात गेल्यावर टिटवी एकदम ठणठणीत बरी झाली आणि उडून गेली. ऑस्कर थांबला. मी थांबलो नाही, कारण मला थांबायची सूचना वेळेवर मिळाली नव्हती. मी एका दगडावरून घसरून बसलो. तिथूनच मागे बघितलं तेव्हा टिटवी जिथून निघाली होती तिथंच परत जाऊन बसत होती. दुसऱ्या दिवशी ऑस्करला लांब झाडाला बांधून मी तिथं गेलो. खड्यांमध्ये चार खडे जरा जास्त गुळगुळीत होते. ती अंडी. घरटं म्हणजे नुसता खळगा. आदल्या दिवशी ऑस्करचा पाय त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेला होता.

त्यानंतर आम्ही तीन आठवडे वळसा घालून जात होतो. टिटवी तरी ओरडतच होती. एकदा नाव खराब झालं की झालं. मग एका सकाळी खळगा रिकामा होता आणि कापसाच्या गोळ्याला काड्या टोचाव्यात तशी पिल्लं आईमागे धावत होती. आईनं हाक दिली की ती आहेत तिथं दबून बसत, आणि मग तुम्ही कितीही डोळे फाडून बघा, समोर नुसते खडे!

ही पिल्लांची बातमी मी त्या रविवारी मुलीला दिली. आता एक कबुली द्यायला हवी. पोरं परदेशी गेली की पहिलं वर्ष बोलायला पुष्कळ असतं. मग ‘जेवलीस का’, ‘थंडी आहे का’, ‘हो’, ‘नाही’, आणि पडद्यावर एकमेकांचे चेहरे बघत बसणं. तिच्या कामातलं आम्हांला कळत नाही. आमच्या गुडघ्यांचं तिला किती सांगणार? पण “ऑस्करला या आठवड्यात कोण भेटलं?” असं तिनं एकदा विचारलं आणि आमची गाडी रुळावर आली. तेव्हापासून मी रविवारसाठी साठवून ठेवतो. फोन ही ऑस्करसमोर धरते, मुलगी तिकडून हाक मारते, तो फोनच्या मागे जाऊन तिला शोधतो, आणि मग मी सुरू होतो: मुंगूस एक, शेपटी दीड, मोर कुटुंबवत्सल. आठवडा कोरडा गेला असेल तर थोडं पदरचं घालतो. बँकेत असं कधी केलं नाही.

पदरचं घालण्याची सवय वाईट. ९ डिसेंबर २०२० ला आमच्या कोथरूडात गवा शिरला होता. एवढा मोठा रानगवा, डांबरी रस्त्यावर. बघ्यांची ही गर्दी, आरडाओरडा, मोबाइल, पळापळ. त्या मुक्या जिवाला कुठून आलो आणि कुठे जायचं ते कळेना. तो पकडला गेला आणि त्याच दिवशी मेला. संध्याकाळी मुलीचा फोन. “बाबा, गव्याचं काय झालं?” मी म्हटलं, “गेला परत जंगलात.” ती गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबा, मी बातमी वाचलीय.” जर्मनीत मराठी बातम्या वाचता येतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता तो राडारोड्याचा ढीग.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. पहाटे अंधार होता. नेहमीप्रमाणे ऑस्कर ढिगापाशी थांबला. मी नेहमीप्रमाणे “चल” म्हटलं. तेवढ्यात कुकरचा आवाज आला. शिटी नव्हे, शिटीच्या आधी वाफ कोंडून सुटते तो, लांब, न थांबणारा फुस्कारा. माझ्या मनात आलं, इतक्या पहाटे कुणाकडे कुकर लागला? पाहुणे आलेले दिसतात. ह्या विचारात मी होतो तोवर ऑस्करनं नाक पुढे घातलं, आणि एकदाच, बारीक, केकाटला.

मी बॅटरी मारली. फरशांच्या खाचेत जाडजूड, आखूड शेपटीचा साप वेटोळं करून होता आणि त्याच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी ठिपके ओळीनं होते. तोंडातून ‘धामण’ शब्द यायच्या बेतात होता, तो आला नाही. घोणस होती. चित्रात पाहिलेली. ऑस्करच्या वरच्या ओठावर रक्ताचे दोन थेंब होते आणि तो खाली बसला होता. माझ्याकडे बघत होता. आपण काही चूक केली की तो जसा बघतो, तसा.

पाठीच्या डॉक्टरांनी मला पाच किलोवर वजन उचलायला बंदी केली आहे. मी बावीस किलो उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. वाटेत ही वरून गाऊनवरच ओढणी टाकून धावत आली. रिक्षावाला म्हणाला, “कुत्रं नाही घेत, काका.” ही म्हणाली, “साप चावलाय हो त्याला.” पुढचं एक अक्षर न बोलता त्यानं रिक्षा सुरू केली. मीटर टाकला नव्हता हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. पुण्यात हे झालं म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

प्राण्यांच्या डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. तिनं आम्हांला पहिलं काय विचारलं, तर “काही बांधलं, कापलं नाही ना?” नाही. “छान केलंत.” मग तिनं काचेच्या स्वच्छ नळीत ऑस्करचं थोडं रक्त घेतलं आणि ती नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. “वीस मिनिटं हलवायची नाही. घोणशीचं विष भिनलं असेल तर रक्त गोठत नाही.”

त्या वीस मिनिटांत करण्यासारखं काहीच नव्हतं. ऑस्करचं तोंड सुजत सुजत गेलं, एका बाजूनं तो दुसराच कुठला तरी कुत्रा दिसायला लागला. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता; तो मी चार वेळा वाचला. ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून “ओंकार, ओंकार” असं पुटपुटत होती. ती कुत्र्याला हाक मारत होती की देवाला, ते मला कळेना. मी विचारलंही नाही. एकदा ती म्हणाली, “हिला फोन करायचा का?” मी म्हटलं, “तिकडे मध्यरात्र उलटलीय.” खरं म्हणजे तिकडे किती वाजले हे मोजायचं मला धैर्यच नव्हतं.

वीस मिनिटांनी डॉक्टरनं नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मग लस सुरू झाली. सलाइनमधून थेंब थेंब जाताना त्या पोरीनं आम्हांला, बहुधा आमचे चेहरे बघून, समजावून सांगितलं: घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून ही लस करतात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चौघांवर ही एकच. म्हणजे कुठल्या तरी तबेल्यातला एक घोडा ऑस्करच्या ओळखीचा झाला, भेट न होताच. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. ह्या वेळी नळी तिरकी केली तेव्हा रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं. हिनं डॉक्टरच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मी पावती घेतली. पावतीवरचा आकडा मी हिला अजून सांगितलेला नाही.

तिसऱ्या दिवशी नेमका रविवार. “बाबा, त्याचं तोंड का सुजलंय?” मी म्हटलं, “दाढ दुखतेय.” मुलगी म्हणाली, “बाबा.” एवढंच. मग मी सगळं सांगितलं, पदरचं काहीही न घालता. ती बराच वेळ रडली, ही रडली, आणि ऑस्कर सुजलेलं तोंड घेऊन फोनच्या मागे तिला शोधत राहिला.

सर्पमित्र त्याच सकाळी येऊन घोणस घेऊन गेला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती ढिगाखालच्या उंदरांवर आरामात राहत होती, तिचा काही दोष नव्हता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मग तीन दिवस ‘हा राडारोडा कुणाचा’ ह्यावर चर्चा झाली. पालिकेला पत्र लिहावं असं एकानं सुचवलं, त्याला अकरा अंगठे मिळाले. मी एकही संदेश लिहिला नाही. कारण चौथ्या दिवशी उजेडात मी तिथं गेलो होतो, आणि फरशांवर गुलाबी गुलाबाची फुलं होती. त्या फुलांकडे बघत मी बावीस वर्षं दात घासले आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही न्हाणीघर नवं केलं तेव्हा कंत्राटदार म्हणाला होता, “जुन्या मालाचं मी बघतो, काका.” कुठे बघतो, हे मी विचारलं नव्हतं. म्हणजे घोणस मुळात आमच्याच न्हाणीघरात राहत होती.

पाचव्या दिवशी टेम्पो बोलावून मी ढीग हलवला. ह्या वेळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी स्वतः बसून, राडारोडा घेतात त्या जागेपर्यंत गेलो. ग्रुपवर माझे आभार मानण्यात आले. ‘नागरिक असावेत तर असे.’ ते वाचून ही माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसत बसलो.

ऑस्कर आता बरा आहे. वरच्या ओठावर केस नसलेला एक ठिपका राहिलाय, तेवढाच. पण फिरण्यात एक फरक पडला. हल्ली तो माझ्या मागून चालतो. मी पुढे, हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, वाट आपटत. आणि पट्टा माझ्या पाठीमागे सैल. ओळखीपाळखीचं सगळं आता मलाच बघावं लागतं. शेपट्यांचा हिशोब मात्र सुधारला आहे, गेल्या आठवड्यात दोन अख्खे भारद्वाज.

परवा पहाटे निघालो तर तळमजल्यावर कुणाकडे तरी कुकर लागला होता. आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. मी कान देऊन ऐकलं, शिटी झाली, आणि मी त्याला म्हटलं, “अरे, डाळ आहे.” त्याला ते पटलं नाही. आम्ही पलीकडच्या फुटपाथनं गेलो.